सुताराच्या अंगठ्यातली पहारेकरीण

मित्रांनो, मला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. मी एक जुनी भक्षक पेशी, एका सुताराच्या उजव्या अंगठ्यात कातडीखाली राहते. घुसखोर दिसला की गिळायचा, हे माझं काम. सगळं शांत असलं की उलट माझा जीव जास्तच खालीवर होतो.

सुताराची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तो तिच्या बाळाचा पाळणा करत होता. रंधा मारताना लाकडाचं कुसळ अंगठ्यात खोल घुसलं. त्याने वरचं टोक उपटलं, अंगठा चोखला आणि पुन्हा रंधा धरला.

आत उरलेल्या तुकड्यावर जंतू बसून आले होते. मी एकाला गिळलं, दुसऱ्याला गिळलं, तोवर चौघे वाढले. काम एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. मी रसायनं सोडून हाक दिली. शेजारच्या मास्ट पेशीनेही आपल्या रसायनांच्या पुड्या फोडल्या. रक्तवाहिन्या सैल झाल्या, अंगठा लाल झाला, सुजला, ठणकू लागला.

त्या वाटेने रक्तातल्या लढाऊ न्यूट्रोफिल पेशी आल्या. वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून आत शिरल्या आणि जंतूंवर तुटून पडल्या. काहींनी तर स्वतःच्या पोटातले धागे उसवून जाळं फेकलं आणि तिथेच जीव सोडला. फांद्याफांद्यांची एक पेशी जंतूचा तुकडा घेऊन काखेतल्या गाठीकडे धावली. तिथली मोठी फौज तयार व्हायला मात्र वेळ लागतो.

"बाबा, अंगठा बघा केवढा टरारलाय!"

"काही नाही गं, कुसळ गेलंय. पाळणा होऊ दे, मग बघू."

"पाळणा थांबेल. हातच गेला तर काय करायचं?"

तो हसला. माझा धीर सुटत चालला होता. जंतू कुसळाला चिकटून बसले होते, आणि काही निसटून हातातून वर सरकत होते.

सकाळी त्याच्या मनगटावर लाल रेघ उमटली. लेकीने त्याच्या हातातून रंधाच काढून घेतला.

"उठा आता. नाहीतर मी अशीच चालत जाते आणि डॉक्टरीणबाईंना इथे घेऊन येते."

तिच्या पोटाकडे बघून तो उठला.

डॉक्टरीणबाईंनी चीर देऊन कुसळ काढलं, पू वाहू दिला, औषध लिहून दिलं.

"शी! केवढी घाण!" लेक म्हणाली.

मित्रांनो, त्या घाणीत बहुतेक माझ्या मेलेल्या सख्याच होत्या.

रेघ ओसरली. आत राहिलेल्या सख्यांना मी एकेक करून गिळलं. आमच्यात निरोप असाच देतात. मग कातडी सांधणाऱ्या पेशींना बोलावलं.

मित्रांनो, जखम धुवा. आत काही रुतलं तर ते अंगावर काढू नका. ठणका वाढला, रेघ दिसली, तर आधी दवाखाना गाठा. आम्ही मागे हटत नाही, पण आम्हालाही मदत लागते. त्या सख्या हाकेसरशी आल्या आणि संपल्या. त्यांच्याशी दोन शब्द बोलायलाही मला उसंत मिळाली नाही.