दुसरा ब्रेक

गाडी चालवायला शिकवणारी बाई स्वतः गाडी चालवत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. मी मात्र वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून पोट भरतेय. सकाळी पहिला विद्यार्थी मला दारातून उचलतो, संध्याकाळी शेवटचा दारात सोडतो आणि मधल्या वेळात मी "क्लच, क्लच, अहो क्लच!" असं ओरडत अख्खं शहर पालथं घालते. माझ्या पायाशी एक जादाचा ब्रेक असतो. चालवणाऱ्याचा पाय चुकला की माझा पडतो. बाकी सगळी तोंडाची वाफ, खरा धंदा त्या एका पायावर चालतो.

शिकवणीच्या गाडीला वयाची अट असते. माझ्या गाडीची मुदत वर्षाअखेरीस संपत होती आणि ते तिला आधीच कळलं असावं, कारण दुसरा गिअर टाकला की ती म्हातारीसारखी खोकायची. तेव्हा माझ्याकडे एक शिंपीणबाई शिकत होत्या. गाडी खोकली की त्या घाबरून दोन्ही हात सोडायच्या आणि मला म्हणायच्या, "मॅडम, मी काही केलं नाही हं." मी त्यांना समजवायची की हात सोडणं हेही काहीतरी करणंच आहे.

नवी गाडी घ्यायलाच हवी होती. नाहीतर शाळेला कुलूप. मी लग्न केलेलं नाही, घरात मी आणि एक उर्मट मांजर, आणि आम्हा दोघींचं जे काही चालतं ते या शाळेवर. शिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही. हात थरथरणारं माणूस तीन आठवड्यांनी चौकातून सहज वळण घेतं आणि मग गालातल्या गालात हसतं, ते बघण्यासाठी मी सकाळी उठते.

इथल्या कंपनीची गाडी बघायला गेले. किंमत ऐकली, फुकटचं थंड पाणी प्यायले आणि परत आले. मग फर्निचरच्या दुकानासमोर नवीन शोरूम उघडलं होतं तिथे गेले. तिथली गाडी परदेशातून बोटीने यायची. कोरी करकरीत, पाऊण किमतीत. कंपनीचं नाव उच्चारायला गेलं की शिंक येतेय असं वाटायचं. पण दारं घट्ट लागत होती, मागचं दाखवायला कॅमेरा होता, इंजिनाची हमी इथल्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी जास्त होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी विचार केला. पेट्रोल कमी पिते, हे चांगलं. सुटे भाग वेळेवर मिळतील का, कोणालाच माहीत नाही, हे वाईट. रस्त्यावरची पांढरी पट्टी ओलांडली की गाडी टुणटुण वाजते, हे चांगलं की वाईट ते कळेना, कारण माझे विद्यार्थी रस्त्यापेक्षा पट्टीवरच जास्त असतात. दिवसभर टुणटुण ऐकून मला वेड लागायचं. पण पाऊण किंमत म्हणजे शाळा चालू, आणि पूर्ण किंमत म्हणजे शाळा बंद. या एका गोष्टीपुढे बाकीच्या सगळ्या गोष्टी मला लिंबूटिंबू वाटायला लागल्या.

मग दादाकडे गेले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं गॅरेज आहे आणि शिकवणीच्या गाड्यांना दुसरा ब्रेक बसवायचा परवाना शहरात फक्त त्याच्याकडे आहे. माझ्या आजवरच्या प्रत्येक गाडीचा ब्रेक त्यानेच बसवला.

"स्वस्तातलं महागात पडतं, चिमे," तो गाडीखालूनच म्हणाला. नुसते पाय दिसत होते.

"आधी तोंड बाहेर काढ आणि मग बोल."

तो बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "समज आरसा फुटला. बोटीने येईस्तोवर काय करशील? पावडरच्या डबीतला लावशील?"

"दोन आरसे आधीच घेऊन ठेवीन."

"विकायला गेलीस तर कुत्रं विचारणार नाही."

"माझी कुठली गाडी आजवर कोणी विचारलीय? मी विकते तेव्हा तिचा फक्त हॉर्न धड असतो."

वहिनी कोपऱ्यातल्या टेबलाशी बिलं लावत होती, ती हसली. दादा नाही हसला. तो म्हणाला, "सगळं सोड. दुसरा ब्रेक या गाडीत बसत नाही."

"बघितलीस तरी का गाडी?"

"बघायला कशाला हवी? नवीन गाड्यांत सगळा वायरींचा गुंता. त्यात ही कुठली, कोणी बनवली, पत्रा कसला, काही ठाऊक नाही. मी हात लावणार नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "बंद कर ना ती शाळा. इथे ऑफिसात बस. पंखा आहे, चहा आहे. तुझ्या वहिनीलाही मदत होईल."

"तुझ्या पंख्याखाली बसून मी काय करू? बिलांना गिअर टाकायला शिकवू?"

"जाऊन बघून तरी या ती गाडी," वहिनी म्हणाली. दादाने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा बिलं लावायला लागली.

मला राग आला होता. दादा भांडला असता तर चाललं असतं, पण न बघताच नाही म्हणणारा माणूस माझ्या डोक्यात जातो. त्याच तिरमिरीत मी दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेले आणि म्हटलं, चालवून बघायचीय. टाय लावलेल्या एका सेल्समनने दोन्ही हातांनी किल्ली पुढे केली. मी "थँक्यू" म्हटलं, किल्ली न घेताच नेहमीच्या सवयीने शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि बसले. पट्टा लावला, आरशाकडे मान वळवली आणि त्याची वाट बघू लागले.

तो किल्ली हातात घेऊन उभाच. मग माझी दया येऊन स्टिअरिंगवर बसला.

"घरी गाडी कोण चालवतं, मॅडम?"

"रोज वेगळा माणूस चालवतो," मी म्हणाले.

त्याने घाईघाईने गाडी सुरू केली. एव्हाना माझी चूक माझ्या लक्षात आली होती, पण उतरून पलीकडे जायला लाज वाटली. म्हटलं, नाहीतरी जन्म इथेच जायचाय, इथूनच बघू. आणि खरंच, गाडी तिथून छान होती. खिडकी मोठी, पुढचा रस्ता स्वच्छ दिसत होता, पाय ऐसपैस पसरत होते. सेल्समन एका हाताने चालवत दुसऱ्या हाताने मला पडद्यावरची गाणी दाखवत होता. मी त्याला दोनदा सांगितलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तो "हो मॅडम" म्हणाला आणि हवामान दाखवायला लागला.

तेवढ्यात गोदामाच्या फाटकातून एक टेम्पो मागे न बघता उलटा रस्त्यावर आला. सेल्समनने ब्रेक दाबला, गाडी थांबली, कोणाला काही झालं नाही. पण माझा पाय त्याच्या आधीच गेला होता. वीस वर्षं जिथे जातो तिथेच. तिथे अर्थातच काही नव्हतं. पाय गालिच्यासकट पुढच्या पत्र्यावर आपटला, आणि पत्रा सपाट लागण्याऐवजी बुटाखाली काहीतरी जाड, टणक लागलं.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

"मॅडम, माझी चूक नव्हती, तो टेम्पो..."

"घ्या हो बाजूला. तुमच्यावर नाही ओरडत."

मी खाली वाकून गालिचा उचकटला. सेल्समन कासावीस झाला. शोरूमची गाडी, आणि गिऱ्हाईक बाई तिचं अस्तर सोलतेय. इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यावर एक जाड लोखंडी झाकण होतं, चार बाजूंनी चार बोल्टांनी घट्ट आवळलेलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण माझ्या पायाला कळत होतं की ते बरोबर हव्या त्या जागी आहे. मी फोटो काढून दादाला पाठवला आणि आम्ही शोरूमला परतलो.

त्याचा फोन आला नाही. अर्ध्या तासाने तो स्वतःच शोरूमच्या दारात उभा राहिला, तेलाच्या कपड्यांत. सेल्समनला काही न विचारता तो गाडीत उलटा आडवा झाला, डोकं माझ्या पायांच्या जागी आणि पाय दाराबाहेर. बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिला. मग तसाच पडल्या पडल्या बोलला.

"ही गाडी सगळ्या जगासाठी एकाच साच्यात काढतात, चिमे. काही देशांत चालवणारा या बाजूला बसतो. तिथे पाठवायच्या गाडीचे पेडल इथे लागतात. आपल्याकडे पाठवताना नुसतं झाकण ठोकलंय."

"म्हणजे जागा आहे?"

"जागा आहे. आधाराची जाड पट्टीसुद्धा आहे. इथल्या गाड्यांना मी पत्र्याला भोकं पाडून ब्रेक बसवायचो. इथे कारखान्यानेच करून ठेवलंय."

म्हणजे परकी, कुठली कोण, असं म्हणून आपण जिला नाकं मुरडत होतो, ती सगळ्यांसाठी बनवलेली म्हणूनच माझ्या कामाची निघाली. माझा आनंद गगनात मावेना. सेल्समनलाही काही न कळता आनंद झाला आणि त्यानेही आम्हाला फुकटचं थंड पाणी दिलं. दादा मात्र पाणी न पिता बाहेर जाऊन पायरीवर बसला.

मी शेजारी बसले. "आता काय अडलंय? बसवशील ना?"

"जागा आहे म्हणून बसवता येतो, हे खरं," तो म्हणाला. "पण तुला एक सांगू? तू रोज अशा माणसाशेजारी बसतेस ज्याला गाडी येत नाही. रोज. आणि तुझ्या आणि समोरच्या ट्रकच्या मध्ये काय असतं? माझा ब्रेक. जुन्या गाड्यांचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ होता, तरी मी संध्याकाळी तुझी गाडी गॅरेजवरून जाईपर्यंत जेवायला बसत नाही. वहिनीला विचार. आता नवीन, अनोळखी गाडी. माझा हात चुकला तर?"

मला वाटत होतं हा हट्टी आहे, जुन्याला चिकटलेला आहे, बहिणीला कमी लेखतो. तो भ्याला होता, एवढंच. माझ्यासाठी. मी रडले तर हा अजूनच घाबरेल म्हणून मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"तुझा हात चुकला नाही आजवर."

"आजवर," तो म्हणाला.

गाडी घेतली. दादाने घाई केली नाही. शोरूमच्या वर्कशॉपमधल्या इंजिनिअरशी तो दोनदा जाऊन बोलला, हमी जाणार नाही असं त्यांच्याकडून नीट कबूल करून घेतलं, मग झाकण काढलं. दोन्ही ब्रेक जोडणारा दांडा एकदा बनवला, पसंत पडला नाही म्हणून मोडला आणि पुन्हा बनवला. तपासणी अधिकाऱ्यांनी गाडी पास केली. मी म्हटलं, झालं, सोमवारी शिंपीणबाईंना बोलावते. दादा म्हणाला, "आधी मी."

रविवारी दुपारी आम्ही बाजाराच्या मोकळ्या मैदानात गेलो. दादा स्टिअरिंगवर, मी माझ्या जागी. समोर दूर गोदामाची भिंत. त्याने गाडी सुरू केली, वेग घेतला, आणि मग दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली.

"अरे, हे काय?"

"थांबव," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

भिंत चांगली लांब होती, पण मला ती नाकासमोर दिसली. मी पाय टाकला. ब्रेक मऊ लागला, मग भक्कम, आणि गाडी मुकाट थांबली. दादाने डोळे उघडून भिंतीकडे पाहिलं. अजून बरंच अंतर होतं.

"परत," तो म्हणाला.

आम्ही परत केलं. मग जोरात केलं. मग वळणावर केलं. दर वेळी तो डोळे मिटून बसायचा, ओठ घट्ट दाबून, माझे नवखे विद्यार्थी बसतात तसा. शेवटी त्याने इंजिन बंद केलं. कपाळावर घाम होता.

"तू रोज असं बसतेस? दुसऱ्याच्या हातात?"

"रोज."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण चालवणाऱ्याला माझ्याहून जास्त वाटत असते, म्हणून मी माझी दाखवत नाही."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्यापासून तुझ्या वहिनीला शिकव."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. वहिनी लग्न झाल्यापासून गाडी शिकायचं म्हणत होती आणि हा दर वेळी काहीतरी कारण काढून टाळत होता. नवऱ्याचं गॅरेज आणि बायको रिक्षाने फिरते, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तो ऐकून घ्यायचा आणि खरं कारण कधी सांगायचा नाही.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की. तिच्यावर फार ओरडू नकोस. हळू शिकली तरी चालेल." त्याने माझ्या पायाशी असलेल्या ब्रेककडे एकदा पाहिलं. "संध्याकाळी दोघी घरी या, म्हणजे झालं."