आरसा-फणीचा दगड

१९८४ साली श्रीकांतने ग्लासगोचं हॉस्पिटल सोडून स्कॉटलंडमधल्याच फॉरफरजवळच्या गावात प्रॅक्टिस घेतली, आणि त्याची बायको सुप्रभा अगदी एकटी पडली. साताऱ्यात ती शाळेत इतिहास शिकवायची. इथे बोलायलाही कुणी नव्हतं. म्हणून रविवारी तो व्हिजिटला निघाला की तीही गाडीत बसे.

वाटेत एका शेतात पुरुषभर उंचीचा कोरीव दगड उभा होता. तिथल्या प्राचीन पिक्ट लोकांचा, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा. एका अंगाला क्रॉस, दुसऱ्या अंगाला घोडेस्वार आणि त्यांच्याखाली आरसा नि फणी.

"अहो, आपल्याकडच्या वीरगळासारखाच आहे की," ती म्हणाली. "पण आरसा-फणी आहे, म्हणजे कुणा बाईचा असणार."

श्रीकांत घाईत होता. त्याने नुसतं हं म्हटलं.

चैत्रातल्या एका रविवारी तिला दगडापाशी सोडून तो पेशंट तपासून परतला, तर त्या कोरीव आरशावर हळदकुंकवाची बोटं उमटलेली, आणि शेताचा मालक डंकन सुप्रभाशी बोलत उभा.

"हे काय असतं, डॉक्टर?" डंकनने विचारलं.

श्रीकांत ओशाळला. नवं गाव, नवे पेशंट. तो हसून इंग्रजीत म्हणाला, "माफ करा हं. माझ्या बायकोला यातलं काही कळत नाही."

सुप्रभाने पदर ओला करून दगड पुसला. डंकन "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिला.

पुढच्या रविवारी श्रीकांतने तिला विचारलं, "येतेस ना?"

"कपडे धुवायचेत."

त्यानंतर दर रविवारी काहीतरी निघतच गेलं.

दोनेक वर्षांनी डंकन छाती दाखवायला आला. शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, "मिसेस परत आल्या नाहीत. त्या मला घोड्यांबद्दल सांगत होत्या, ते अर्धवटच राहिलं."

श्रीकांतने हे घरी सांगितलं नाही. सांगायचं तर त्या रविवारचा विषय काढावा लागला असता.

पुढे थंडीने दगडाला चीर गेली आणि १९९५ मध्ये तो म्युझियममध्ये हलवला. श्रीकांत तिला मुद्दाम घेऊन गेला. तिने चष्मा लावून पाटी वाचली.

"सुप्रभा, डंकनला तू या घोड्यांचं काय सांगत होतीस?"

तिने जवळ जाऊन ते घोडे एकेक करून पाहिले.

"आता नाही हो आठवत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच आठवत नव्हतं.