झोपेतली आंघोळ

प्रत्येक घरात एक तरी असा पराक्रम सांगितला जातो, जो प्रत्यक्ष पाहिलेला माणूस सापडत नाही. श्रीरंगच्या घरचा पराक्रम त्याच्या आईच्या, प्रमोदिनीबाईंच्या नावावर होता. लग्न ठरल्यापासून वृंदा तो ऐकत आली होती. सरोजिनीनगरचं सरकारी क्वार्टर, दिल्लीचा डिसेंबर, गिझर नावाची चीज घरात नाही. आणि तरी आई सकाळी सहाच्या आत श्रीरंगला आंघोळ घालायची. तीसुद्धा झोपेत.

"मला कळायचंही नाही," श्रीरंग सांगायचा. "डोळे उघडले की अंगात युनिफॉर्म! आणि आई नऊच्या ठोक्याला ऑफिसात टायपरायटरसमोर."

हे तो कौतुकाने सांगायचा. त्यात टोमणा नव्हता, हे वृंदालाही माहीत होतं. पण टोचायचं ते टोचायचंच.

कारण मयूर विहारच्या चौथ्या मजल्यावर गिझर दोन होते, टायपरायटरचा जमाना कधीच संपला होता, आणि तरीही रोज सकाळी वृंदाच्या नाकी नऊ यायचे. नीला सात वर्षांची, विनू चार वर्षांचा. आंघोळीशिवाय तोंडात घास नाही, हा सासरचा नियम. वृंदाच्या नाशिकच्या माहेरी असलं काही नव्हतं. तिथे रविवारी तर लोक दुपारच्या जेवणानंतरही आंघोळीचा विचार करत. पण सासरी एवढी पराक्रमी बाई असल्यावर सुनेने काय करायचं? वृंदा सव्वापाचला उठायची. सहाला विनूला बाथरूममध्ये न्यायची. अंगाला पाणी लागलं की तो असा ओरडायचा की खालच्या मजल्यावरच्या पंजाबी काकू जिन्यातून विचारायच्या, "सब ठीक है ना जी?"

काहीही ठीक नसायचं. विनू रडून पेंगुळायचा, नीलाची वेणी राहायची, पोहे गार व्हायचे. सात वीसची स्कूलबस आठवड्यातून दोनदा तरी डोळ्यांदेखत निघून जायची. मग ऑटो, मग शाळा, मग मेट्रो, मंडी हाउसला बदलून धावत ऑफिस. तिथे हजेरीच्या मशीनवर बोट टेकवलं की आकडे दिसायचे, नऊ सतरा, नऊ एकवीस. प्रत्येक उशिराला अर्ध्या दिवसाची रजा कापली जायची.

श्रीरंग काही करत नव्हता असं नाही. तो ऑडिटमध्ये होता. त्याने एका रविवारी बसून सकाळचं वेळापत्रक तयार केलं, रंगीत छापून आणलं आणि फ्रिजवर लावलं. त्यात 'सहा दहा ते सहा वीस, विनू, आंघोळ' असं लिहिलं होतं. विनूला वाचता येत नव्हतं, ही अडचण ऑडिटच्या नजरेतून सुटली. त्यानंतर सकाळी दाराशी उभं राहून "चलो, चलो" म्हणण्याचं काम श्रीरंगने आपल्याकडे घेतलं आणि ते तो मन लावून करत होता.

हे सगळं एरवी ओढत नेलं असतं. पण नेमकं डिसेंबरातच वृंदाचं प्रमोशन आलं. असिस्टंटची सेक्शन ऑफिसर, सरकारी हिंदीत अनुभाग अधिकारी. नऊ वर्षं वाट पाहिली होती तिने. अंडर सेक्रेटरी साहेब भले गृहस्थ होते, त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानिए. सेक्शन ऑफिसर ही टाइम पे नहीं आएगी तो सेक्शन से क्या कहेगी? अगले शुक्रवार तक लिखके दे दीजिए, हां या ना."

नाही म्हटलं की एक वर्ष नाव बाजूला, आणि मागून आलेले पुढे. वृंदाने घरी येऊन खूप विचार केला आणि नकाराचं पत्र लिहिलं. लिहिताना रडली नाही. पत्र पर्समध्ये ठेवलं आणि श्रीरंगला सांगितलं नाही, कारण त्याने नवं वेळापत्रक केलं असतं.

त्याच आठवड्यात, रविवारी, प्रमोदिनीबाई पुण्याहून आल्या. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे, प्रभाकडे राहत. वर्षातून एकदा दिल्लीला येत, पण आजवर उन्हाळ्याच्या सुट्टीत. शाळेचे दिवस त्यांनी इथे कधी पाहिलेच नव्हते. आता ऐन थंडीत, साक्षात पराक्रमी बाईसमोर आपली परीक्षा, या विचाराने वृंदाने रात्रीच गजर अर्धा तास आधीचा लावला.

सोमवारी ती पावणेपाचला उठली. आज झोपेतली आंघोळ जमवायचीच, असं तिने ठरवलं होतं. बाथरूम हीटरने गरम केली, विनूला अलगद उचलून नेलं, पाटावर टेकवलं आणि कोमट पाण्याचा अर्धा तांब्या पायांवर सोडला. विनूने डोळे उघडले, किंचाळला, तांब्याला लाथ मारली. पाणी वृंदाच्या तोंडावर आलं. मागे वळून पाहते तो प्रमोदिनीबाई दारात उभ्या, तोंडाचा आ वासून. गुपचूप आत निघून गेल्या.

'झालं, नापास,' वृंदा मनात म्हणाली.

मंगळवारी तेच. बुधवारी बस चुकली आणि मशीनवर नऊ चोवीस आले. सासूबाई तिन्ही दिवस गप्प होत्या. पोहे परतून द्यायच्या, वेणी घालून द्यायच्या, पण आंघोळीचा प्रकार सुरू झाला की जपमाळ घेऊन बाल्कनीत जाऊन बसायच्या, एवढ्या थंडीत. एका शब्दाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वृंदाला वाटलं. उद्या पत्र देऊन टाकायचं, हे तिने गुरुवारी मेट्रोत उभ्या उभ्या पक्कं केलं. पक्कं केल्यावर हलकं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. उलट इतकं वाईट वाटलं की तिचं स्टेशन पुढे गेलं आणि एक स्टेशन मागे यावं लागलं.

घरी पोहोचली तेव्हा साडेसात झाले होते. दार उघडलं तर घरात शांतता. मुलांची भांडणं नाहीत, टीव्ही नाही. स्वयंपाकघराचा ओटा पुसलेला.

"मुलं कुठे आहेत?"

"जेवली, झोपली," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, पण तिच्याकडे न पाहता. "खालून खेळून आली, म्हटलं मातीने भरलीत, घालून टाकू आंघोळ. मग गरम भात खाल्ला आणि आडवी झाली."

वृंदा मुलांच्या खोलीत गेली. विनू गाढ झोपला होता. त्याच्या अंगावरची रजई सारखी करायला गेली आणि थबकली. निळी पँट. पांढरा शर्ट. पायात शाळेचे मोजे. तिने नीलाची रजई उचलली. तिथेही स्कर्ट, शर्ट, लोकरीचे लांब मोजे. टाय तेवढा खुर्चीवर होता.

ती बाहेर आली. "आई, मुलं युनिफॉर्म घालून झोपलीत?"

प्रमोदिनीबाईंचा चेहरा डब्यातला लाडू चोरताना सापडलेल्या पोरासारखा झाला. "रागावू नकोस गं. मी तुला विचारणार होते. पण सकाळची आंघोळ म्हणजे तुझा कडक नियम. म्हटलं, तू नाहीच म्हणशील. मला आपलं ते पोराचं ओरडणं बघवेना."

"माझा नियम?" वृंदाचा आवाज चढला. "आई, तो तुमचा नियम आहे!"

"माझा? कोण म्हणालं?"

दोघींनी एकदमच श्रीरंगकडे पाहिलं. तो नुकताच आत येऊन बूट काढत होता.

"अगं, तूच नाही का मला झोपेत आंघोळ घालायचीस?" परिस्थितीचा अंदाज न घेता तो म्हणाला.

"झोपेत? वेडा आहेस का? बुडाला असतास!"

"पण मी उठायचो तेव्हा तयार..."

"तयार असायचास, कारण तुला रात्री युनिफॉर्म घालूनच निजवायचे मी. आंघोळ संध्याकाळी, खेळून आलास की. सकाळी गरम पाण्यात टॉवेल पिळून तोंड पुसायचे. तू डोळे किलकिले करून विचारायचास, आई, आंघोळ झाली? मी म्हणायचे, झाली. खोटं कुठे होतं? आदल्या संध्याकाळी झालीच होती."

श्रीरंग एक बूट हातात धरून खाली बसला. चाळिशीच्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचं बालपण असं सोलून निघत होतं. "म्हणजे मी शाळेत आंघोळ न करता जायचो?"

"अख्खी कॉलनी जायची. डिसेंबरात कोण आंघोळ करतं दिल्लीत?"

"आणि शर्ट चुरगळायचा नाही?" वृंदाने विचारलं. तिला आता खरोखर माहिती हवी होती.

"वरून स्वेटर असतो ना. कॉलर तेवढी दिसते. ती हाताने सरळ केली की झालं. प्रभा ह्याला बूट घालायची, आणि ह्याचे बाबा डबे भरायचे."

"बाबा?" श्रीरंगला हा दुसरा धक्का होता.

"मग कोण? पोळ्या मी रात्री लाटून ठेवायचे, डबे त्यांचे. तू झोपलेला असायचास, तुला काय दिसणार? बाहेर कुणाला सांगू नकोस म्हणायचे ते, गावाकडे हसतील. पण पस्तीस वर्षं झाली, आता हसू देत."

वृंदाला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. हसता हसता ती सोफ्यावर कोसळली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. आठ वर्षं एका बाईशी शर्यत लावून धावत होतो, आणि ती बाई शर्यतीत उतरलीच नव्हती!

"सोमवारी का नाही बोललात?" तिने डोळे पुसत विचारलं.

"झोपलेल्या पोरावर पाणी ओतताना पाहिलं तुला, म्हटलं ही आजकालची काहीतरी पद्धत असेल. तुझं घर. मी चार दिवसांची पाहुणी. कसं बोलणार?"

मग वृंदाने पर्समधून पत्र काढलं आणि दोघांपुढे ठेवलं. श्रीरंगने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मला सांगितलं नाहीस," एवढंच तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याला वेळापत्रक सुचलं नाही.

प्रमोदिनीबाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. बराच वेळ वाचत राहिल्या. पत्र तर चार ओळींचं होतं.

"घरगुती कारणास्तव," त्या म्हणाल्या. "मीही हेच लिहिलं होतं."

"कधी?" श्रीरंगने विचारलं.

"तू जन्मलाही नव्हतास. प्रभा चार वर्षांची होती. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायच्या. त्यांच्यासमोर आंघोळीशिवाय पोरीला दूध द्यायची सोय नव्हती. रोज पहाटे स्टोव्हवर पाणी तापवायचं, ती रडायची, माझी बस जायची. स्टेनोची पीए होणार होते. नको म्हणून लिहून दिलं." त्यांनी पत्राची घडी घातली. "घरगुती कारण म्हणजे काय होतं, माहितीये? दोन बादल्या पाणी. पुन्हा नाव यायला सात वर्षं लागली. सासूबाई गावी गेल्या त्याच हिवाळ्यात मी ठरवलं, ह्या घरात पहाटे पाणी तापणार नाही. पण यादीतलं गेलेलं नाव काही मागे जाऊन लागत नाही."

श्रीरंग उठला, स्वयंपाकघरात गेला आणि डबे कुठल्या कपाटात असतात ते शोधू लागला. ते त्याला तिसऱ्या कपाटात सापडले.

शुक्रवारी वृंदा सहाला उठली. साडेसहाला मुलांना हाक मारली. गरम टॉवेलने तोंडं पुसली, दात घासले, कॉलर सरळ केल्या. श्रीरंगने डबे भरले होते. भाजी पोळीत झिरपली होती, पण डबे भरलेले होते. विनूने पोळीचा लाडू न रडता खाल्ला. खालच्या काकू जिन्यात भेटल्या आणि काळजीने म्हणाल्या, "आज आवाज नहीं आई, बच्चा बीमार तो नहीं?" सात दहाला सगळे फाटकाशी उभे होते, आणि बस यायची होती. धुकं होतं. नीला म्हणाली, "मम्मी, आज टाइम बच गया." या वाचलेल्या वेळेचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून चौघं नुसतीच उभी राहिली. वृंदाचा जीव भांड्यात पडला होता आणि तो तिथेच राहू द्यावा असं तिला वाटत होतं.

मशीनवर आठ बावन्न आले. साहेबांची खोलीसुद्धा उघडली नव्हती. वृंदाने पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, कोरे कागद घेतले आणि नवं पत्र दोन प्रतींत लिहिलं. साहेब आले तसं त्यांच्या हातात दिलं, आणि कॉरिडॉरमध्ये येऊन घरी फोन लावला.

"आई, दिलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काय लिहिलंस?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. "वाचून दाखव."

वृंदाने दुसरी प्रत उघडली. "मैं अनुभाग अधिकारी के पद पर पदोन्नति सहर्ष स्वीकार करती हूँ. खाली सही."

"पुन्हा वाच गं एकदा," त्या म्हणाल्या. "हळू वाच."

वृंदा खिडकीपाशी सरकली आणि तिने ते हळू, एकेक शब्द करून, पुन्हा वाचून दाखवलं.