हाडाची मूठ, निळी बादली

डोळकाडी ओल्या गोणपाटात दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी चुलीत.

पत्र्याच्या झाकणात जवसाचं तेल, बोट बुडेल एवढंच.

निळी बादली. तिच्यातल्या पाण्याचा वास नाकापेक्षा डोळ्यांना आधी कळतो.

डावखुऱ्या माणसाचा चाकू उजव्या हाताला चावतो.

साडीला खिसा नसतो, म्हणून वरून पुरुषाचा शर्ट.

*

शर्ट कोकिळाबाईचा. कारंजा घाडग्याजवळच्या संत्र्याच्या नर्सरीत ती बावीस वर्षं कलमं करते. जंबेरीच्या रोपाला चीर द्यायची, डोळकाडीवरून संत्र्याचा एक डोळा, न फुटलेला कोंब, उतरवायचा, सालीत सरकवायचा; हेच डोळा भरणं. मागून वर्षाली पट्टी बांधत येते.

शर्टाच्या खिशात घडीचा चाकू. त्यानेच कांदा, त्यानेच खताच्या गोणीचं तोंड, त्यानेच टाचेतला काटा. मूठ हाडाची. घेतला तेव्हा पांढरी होती, आता चहाच्या रंगाची. डाव्या अंगठ्यापाशी खळगा. घाम आणि महिन्यातून एकदा तेल, एवढ्यावर हाड टिकतं. पाणी मात्र नाही. पातं पुसायचं, मूठ कोरडी ठेवायची.

*

आदेश मालकाचा मुलगा. यंदापासून नर्सरी त्याच्या ताब्यात. एका रोपाचा रोग चाकूवरून दुसऱ्या रोपाला जातो, असं तो म्हणाला. खरं होतं. संध्याकाळी सगळे चाकू जमा करायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे.

"पातं बुडव," कोकिळाबाई म्हणाली. "मूठ नाई. हाड पाणी पेते."

"हो, मावशी," आदेश म्हणाला.

चाकू रात्रभर बादलीत, तळाशी. सकाळी पत्र्यावर, उन्हात.

दुपारी मूठ तडकली. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत.

*

"हे काय करून ठेवलं?"

"काय झालं?"

"मूठ पाह्य."

"जुनी चीर आहे, मावशी. तुमच्या ध्यानात नाई आली."

"बावीस वर्षं माहा अंगठा इथंच आहे. मले नाई समजनार?"

"हाडच ते. मेलेलं. कधी तरी फुटनारच."

"मेलेलं हाड माह्या हातात बावीस वर्षं टिकलं. तुया हातात एक रात्र नाई टिकलं."

वर्षाली हसली. तिथून सगळं बिघडलं. आदेशचे कान लाल झाले. त्याने खोक्यातून पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीचा चाकू काढला आणि तिच्यासमोर मातीत टाकला.

"हा घ्या. याले तेल नाई लागत, लाड नाई लागत."

"तुयावानीच आहे. गुळगुळीत."

"कामाले लागा, मावशी."

"मी फोडली, असं सगळ्यांसमोर म्हण. मंग डोळे भरीन."

"जे केलंच नाई ते काऊन म्हनू?"

"मंग डोळकाडी तुयी, रोपं तुयी, पिवळा चाकूही तुया. भर."

*

पहिला दिवस.

कोकिळाबाई आठ वाजता आली, बांधावर बसली. कलमं करणारे बाकीचे दोघे मोर्शीकडे कामाला गेलेले. आदेशने पिवळा चाकू उचलला. साल सुटायच्या आधी पातं लाकडात गेलं.

"बांध," तो वर्षालीला म्हणाला.

"काय बांधू, भाऊ? डोळा तर बाहेरच लटकून राह्यला."

बांधावरून आवाज आला, "खोल जाऊ नको. रोप आहे ते, वैरी नाई."

तो पुढच्या रोपाकडे सरकला.

*

दुसरा दिवस.

कोकिळाबाईने वर्षालीकडून कलमाची पट्टी मागून घेतली आणि मुठीला गच्च गुंडाळली. बांधावरच्या बोरीची एक फांदी कापून पाहिली. दाब दिल्यावर पट्टी सरकून मुठीची चीर उघडली, सोडल्यावर मिटली, आणि मिटताना अंगठ्याची कातडी आत ओढली. रक्त आलं. तिने अंगठा तोंडात धरला. चाकू मिटला.

आता आदेश हरला असता तरी चाकू परत येणार नव्हता. एक वाक्य तेवढं येऊ शकलं असतं.

*

तिसरा दिवस. गोणपाटातल्या काड्या तपकिरी पडल्या.

आदेश बांधापाशी आला. "मावशी, नवा मागवतो. हाडाचाच. ऑनलाइन भेटते."

"कोणाच्या अंगठ्याचा?"

"तुमाले चाकू पाह्यजे का मले खाली पाह्यला लावाचं आहे?"

"चाकू गेला. तू चार लोकांसमोर मले खोटी पाडलं. ते शब्द मागं घे."

वर्षाली पट्ट्यांचं बंडल मांडीवर घेऊन बसली होती. पाणी सोडणारा गडी नळी हातात धरून उभा होता. आदेशने खिशातून फोन काढला, अंगठ्याने वर-वर सरकवत गेला, एका ठिकाणी थांबला. दोन बोटांनी काहीतरी मोठं करून पाहिलं. मग फोन खिशात टाकला.

"चीर जुनीच होती," तो म्हणाला.

कोकिळाबाई उठली. साडी झटकली. पट्टी गुंडाळलेला चाकू शर्टाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि गोणपाटावर पाय देऊन फाटकाकडे निघाली. काड्या मोडल्याचा आवाज झाला. वर्षालीने बंडल खाली ठेवलं आणि तीही मागे गेली.

बादलीत टाकायच्या आधी आदेशने सगळे चाकू टेबलावर ओळीने मांडून याच फोनवर त्यांचा फोटो काढला होता. त्यात हाडाची मूठ अखंड आहे.