डाव्या बाजूचं रक्त

“उद्या सकाळी आठ वाजता ऑपरेशन,” वॉर्डाचे डॉक्टर लिंडेमान म्हणाले. “रक्त जुळवून दोन बाटल्या तयार ठेवा, हेर गजभिये.”

आत्मारामने चिठ्ठी वाचली. क्वासी येबोआ, वय चोवीस, घाना. डावं मूत्रपिंड काढणे.

येबोआ जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात यंत्रकाम शिकायला आला होता. तीन आठवडे त्याच्या लघवीतून रक्त जात होतं, म्हणून त्याला हार्त्स डोंगराच्या पायथ्याच्या या इस्पितळात पाठवलं होतं. क्षय निघाला नाही, खडा निघाला नाही, त्याच्या देशातल्या तळ्यांच्या पाण्यातून होणाऱ्या जंतांची अंडीही सापडली नाहीत. मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा रक्त फक्त डाव्या मूत्रपिंडातून येताना दिसलं, आणि एक्स-रेमध्ये त्याच बाजूला एक सावली. गाठ असणार, असं सर्जनचं मत पडलं.

आत्माराम गजभिये तळघरातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात सात वर्षं रक्त-लघवी तपासून तो १९६२ साली दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीत आला. इथेही काम तेच, फक्त नावाआधी ‘हेर’, म्हणजे ‘श्रीयुत’, लागलेलं, काचा स्वच्छ आणि बोलणं कमी. वर्षभरात त्याने डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

रक्त घ्यायला तो वर वॉर्डात गेला. येबोआने स्वतःच बाही वर केली.

“एका किडनीवर फुटबॉल खेळता येतो का?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“मला नक्की माहीत नाही. विचारून सांगतो. फार दुखतं का?”

“अजिबात नाही. त्यामुळेच मी पहिले चार दिवस कुणाला सांगितलं नाही.”

दुखत नाही आणि रक्त जातं. जिना उतरताना आत्माराम मध्येच थांबला. त्याच्या बहिणीच्या, मालिनीच्या मुलाला हाडं दुखण्याचे झटके यायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी तेव्हा सगळ्या घराचं रक्त तपासलं होतं. त्या मुलाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकायच्या. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून दोष आला की असं होतं. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो. पण अशा धडधाकट माणसांतही एखाद्याच्या लघवीतून रक्त जातं, असं ते डॉक्टर म्हणाले होते.

तपासणी साधी होती. प्राणवायू मिळाला नाही की अशा पेशी वाकतात, आणि तो काढून घेणारं रसायन एक्स-रेच्या डार्करूममध्ये असायचं. त्याने चिमूटभर मागून आणलं, पाण्यात विरघळवलं, त्यात येबोआच्या रक्ताचा थेंब मिसळून काचेवर घेतला आणि झाकणकाचेच्या कडा व्हॅसलीनने बंद केल्या. अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल पेशी टोकदार होऊन वाकल्या होत्या.

डॉक्टर लिंडेमानना त्याने फोन करून खाली बोलावलं. हे त्याने कधी केलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“आफ्रिकन लोकांत हे असतंच,” ते म्हणाले. “तुम्ही हे कुठे पाहिलंत? तुमच्याकडे तर हे नसतं.”

“नागपूरला आहे. माझ्यातही आहे.”

आत्मारामने बोटाला सुई टोचली आणि दुसरी काच तयार केली. अर्धा तास दोघंही तिथेच बसून राहिले. मग डॉक्टरांनी ती काच पाहिली आणि चष्मा पुसला.

“तुम्हाला काय त्रास होतो?”

“काही नाही. भाच्याला होतो.”

“आल्झो, असं आहे तर,” ते सावकाश म्हणाले. “पण सावली आहे, हेर गजभिये. आपण थांबलो आणि गाठ निघाली तर?”

“ती रक्ताची गुठळीही असू शकते. ऑपरेशन दहा दिवसांनीही करता येईल. काढलेली किडनी परत बसवता येणार नाही.”

इतकं तो जर्मनमध्ये एका दमात कधी बोलला नव्हता. डॉक्टर उठून ग्रंथालयात गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. अमेरिकेतल्या अशा काही रुग्णांची मूत्रपिंडं गाठ समजून काढली होती, आणि कापून पाहिल्यावर आत गाठ नव्हतीच. सर्जन कुरकुरत का होईना, दहा दिवस थांबायला तयार झाले होते. येबोआने पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, खाण्याचा सोडा घ्यायचा.

रविवारी आत्मारामचा मित्र श्यामकांत भेटायला आला. तो पुण्याचा, ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “तू मध्ये पडायचं काय कारण होतं? गाठ निघाली तर ते म्हणतील, इंडियनचं ऐकलं म्हणून पेशंट गेला. व्हिसाचं काय होईल, विचार केलास?”

“केला ना. रोज तोच विचार करून राहिलो.”

“मग?”

“काच माझ्यासमोर होती, श्यामकांत. मी काय, दिसलं नाही म्हणू?”

रोज सकाळी वरून येबोआच्या लघवीची बाटली यायची. आत्माराम ती आधी उजेडात धरायचा. पाचव्या दिवसापर्यंत रंग चहासारखाच होता, आणि त्या दिवशी आत्मारामला जेवण गेलं नाही. सहाव्या दिवशी रंग उतरला. आठव्या दिवशी बाटली स्वच्छ होती, तरी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा पाहिलं. पण सावलीचं उत्तर त्या बाटलीत नव्हतं.

दहाव्या दिवशी एक्स-रे झाला. डॉक्टर लिंडेमान फिल्म घेऊन स्वतः तळघरात आले आणि खिडकीच्या काचेवर ती धरली. दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. सावली नव्हती.

“गुठळीच होती,” ते म्हणाले. “गेनाऊ, अगदी तुम्ही म्हणालात तशी.” मग फिल्म खाली ठेवून म्हणाले, “भाच्याबद्दल मला सविस्तर सांगा. सवडीने.”

आत्माराम स्टुलावर बसला. त्याने नळाचं गार पाणी तोंडावर मारलं आणि उगाच हसला.

दोन दिवसांनी येबोआला घरी सोडलं. आत्माराम नळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डात गेला तेव्हा तो सूट-टाय घालून, बूट चकचकीत करून पलंगाच्या कडेला ताठ बसला होता. त्याला पाहून तो उभा राहिला.

“हेर डॉक्टर.”

“मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये काम करतो.”

“माहीत आहे. मी सगळ्यांना विचारलं,” येबोआ म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.

आत्मारामच्या दोन्ही हातांत ट्रे होता. येबोआने तो काढून घेतला, सांभाळून पलंगावर ठेवला, आणि पुन्हा हात पुढे केला.