सपशेल थाप

लाल दिवा लागला तसं लुकड्यानं पहिलं पाकीट दातांनी फाडलं. श्रोत्यांची पत्रं आधी फोडायची नाहीत, हा दोघा मित्रांचा पंचवीस वर्षांचा नेम. आधी वाचलं की विनोद शिळा होतो, असं जाड्या म्हणायचा.

रेडिओवरच्या ‘जाड्या-लुकड्याचा सल्ला’मध्ये दोन महिने लुकड्या एकटाच बोलत होता. समोर जाड्याची रिकामी खुर्ची, तिच्यापुढे त्याचा माइक.

पत्र एका बाईंचं होतं. नवरा घोरतो, काय करू?

“काकू, नशीबवान आहात! माझे आजोबा घोरले की शेजाऱ्यांची कौलं उडायची. शेवटी गावानं त्यांना वेशीवर नेऊन झोपवलं. तेव्हापासून चोर म्हणून फिरकला नाही!”

इथं जाड्यानं टेबलावर मूठ आपटून ओरडायचं, “सपशेल थाप!” लुकड्या सवयीनं थांबला. मग पुढचं पाकीट उचललं.

आतलं अक्षर त्यानं बघताक्षणी ओळखलं. उतारावरून घरंगळावं तशा ओळी. पण रेडिओवर गप्प बसून चालत नाही, तो वाचत सुटला.

“‘सल्लागार महाशय, मी दवाखान्यात पडून आहे. माझा मित्र रोज संध्याकाळी येऊन सांगतो, डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत घरी. दोन महिने झाले, त्याचे आठ दिवस काही संपत नाहीत. बायको आणि मुलगा बाहेर रडतात, तोंड धुतात आणि हसत आत येतात. मला सगळं ठाऊक आहे हो. पण ही माणसं दमलीत. त्यांची सुटका कशी करू? आपला, एक श्रोता.’”

“भाऊजी, त्यांना कळलं तर हाय खातील,” असं म्हणून जाड्याच्या बायकोनं, वहिनींनी, लुकड्याकडून गप्प राहण्याचं वचन घेतलं होतं.

लुकड्यानं पत्राची घडी घातली. ती नीट बसेना.

“महाशय,” तो म्हणाला, “तुमचा मित्र अव्वल गाढव दिसतो. पाठीवरचं ओझं आपलं आपण उतरवणं गाढवाला जमत नाही. तुम्हीच हात लावा. एकदा सरळ विचारा त्याला.”

आणि त्यानं गाणं लावायची खूण केली. गाण्याची वेळ अजून व्हायची होती.

संध्याकाळची वाट न बघता तो भर दुपारीच दवाखान्यात पोचला. जाड्याच्या उशाशी रेडिओ होता. चादरीखाली माणूस आहे की नुसतीच चादर, ते कळू नये इतका तो वाळला होता.

“आलास का गाढवा?”

“आलो.”

“काय म्हणाले डॉक्टर?”

वहिनी स्टुलावरून अर्धवट उठल्या. लुकड्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही.

“फार दिवस नाहीत, जाड्या.”

मग जाड्यानं चादरीतून हात काढला, मूठ वळली आणि पलंगाच्या कडेवर हलकेच आपटली.

“सपशेल थाप,” तो म्हणाला, आणि जरासा सरकून त्यानं लुकड्याला बसायला जागा करून दिली.