कापसाच्या घरात बंदूक

त्या साली वऱ्हाडात कापसाने माणसांची डोकी फिरवली होती. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्या आपल्याकडे तोंड करून बसल्या. धानोऱ्यासारख्या आडगावातसुद्धा दलालांचे घोडे येऊ लागले. ज्यांनी जन्मात ज्वारीवाचून दुसरं काही पेरलं नव्हतं, त्यांनीही धुऱ्याबांधापर्यंत कपाशी लावली.

धानोरं अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेवर, मूर्तिजापूरच्या अलीकडे. तिथला खुशालराव पिढीजात काळ्या जमिनीचा धनी, पण स्वभावाने अगदी मऊ. चावडीवर तो काही बोलला, तर शेजारच्याला ते पुन्हा मोठ्याने सांगावं लागे. त्या वर्षी त्याचं घर असं भरलं की ओसरीतला ढीग आढ्याला टेकला आणि माजघरात जायला एका माणसापुरती वाट उरली. त्याची बायको मैनाबाई हिने चूल घरातून उचलून अंगणाच्या कडेच्या पडवीत नेली. पाहुण्याने चिलीम कवाडाबाहेर विझवायची आणि मगच आत यायचं, असा तिचा कायदा. कुणी कुरकुरला तर ती म्हणे, "पेटली चिलीम अन् तुमी, दोघंबी बाहेरच बरे दिसता."

दिवाळी सरली आणि शेजारच्या गावातून बातमी आली. किसनरावाच्या घरी भरदुपारी चोर आले. गाव बाजाराला गेलेलं. चोरांनी त्याला खांबाला बांधलं, त्याचाच कापूस आपल्या गाडीत भरला आणि बाजाराला जाणाऱ्या चार गाड्यांतली एक होऊन राजरोस वाटेला लागले. कापसावर कुणाचं नाव थोडंच असतं!

खुशालराव त्याला भेटायला गेला. किसनराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. भिंतीकडेच बघत म्हणाला, "कापूस गेला त्याचं काई नाई रे खुशाल. पन म्या हात जोडले त्याइले. माह्याच घरात उभा राहून हात जोडले."

परतताना ते शब्द खुशालरावाच्या पायात घोटाळत राहिले. किसनराव गावचा दांडगा गडी. त्याचं हे झालं, तर आपलं काय होईल? आपण तर चोर कवाडाशी आले की तिथूनच हात जोडू. ही गोष्ट त्याने मैनाबाईलाही सांगितली नाही. नुसतं म्हणाला, "बंदूक घ्यावी म्हनतो."

"कोनाले?"

"मले."

मैनाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ती हसली नाही. हे तिचे उपकार तो पुढे कधी विसरला नाही.

कचेरीत खेटे घालून परवाना मिळाला आणि खुशालराव अमरावतीला गेला. कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत हुसेनमियाँचं दुकान होतं. मियाँ पूर्वी पलटणीत होते. आता मेंदीने दाढी लाल करून बंदुका विकत आणि दुरुस्त करत. खुशालराव आत शिरला आणि भिंतीवरच्या एका बंदुकीवरून त्याची नजर हलेना. माणसाहून लांब नळी, दस्त्यावर पितळेची वेलबुट्टी.

"हीच द्या," तो म्हणाला.

"ही तोड्याची, पाटील. हा सुताचा तोडा पेटवून ठेवायचा. चाप ओढला का जळता तोडा दारूवर पडते. दिसायले नवरी हाय नवरी. पन तुमी घरात ठेवता काय?"

"कापूस."

मियाँ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजे जळता तोडा घेऊन कापसावर बसनार अन् चोराची वाट पायनार? मंग चोर कायले पायजे जी?"

खुशालरावही हसला. मग मियाँनी टोपीची दुनळी बंदूक काढली. नळीच्या बुडाशी तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आतल्या आत दारूला भिडते. बाहेर विस्तव नाही. "अन् नळ्या दोन. एक बार भेव दाखवायले, दुसरा खरा," मियाँ म्हणाले. पण खुशालरावाने ती उचलली तशी तिची मान तहानलेल्या बैलासारखी खाली जाऊ लागली.

"नक्षी पाहू नोका, नळ्या मोजू नोका," मियाँ म्हणाले. "डोळे मिटा. बंदूक खांद्याले लावा. आता डोळे उघडा. टोकावरची माशी, हा नेमाचा दाना, आपसूक नजरेसमोर आली तर थे बंदूक तुमची. शोधावी लागली तर दुसऱ्याची."

दुनळीची माशी शोधावी लागली. कोपऱ्यात एक साधी, एकनळी, टोपीचीच बंदूक उभी होती. दस्ता जुना, हातांनी गुळगुळीत झालेला. खुशालरावाने डोळे मिटून ती खांद्याला लावली. वखराचं रुमणं रोजच्या हाताला लागावं तशी ती लागली. डोळे उघडले तर माशी समोर, आणि माशीच्या पुढे भिंतीवरचा एक खिळा.

"दुनळी न्या, पस्तावनार नाई," मियाँनी एकदा सांगून पाहिलं. पण खुशालरावाने दस्ता सोडला नाही.

दारू, गोळ्या, टोप्या बांधून झाल्यावर मियाँनी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या पुढे केल्या. दारूवर एक ठासायची, गोळीवर एक. खुशालरावाने हात हलवला. "कापसाच्या घरी नमदा इकत न्यायचा? आमी कापसाचाच बोळा ठासू." मियाँ काही सांगणार, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आत आलं.

घरी मैनाबाईने बंदूक खालपासून वरपर्यंत पाहिली. पडवीतली लोखंडी फुंकणी आणून ती तिच्याशेजारी धरली. "बाप्पा! येवढी मोठी फुंकनी कायले आनली? चूल तर एकच हाय."

दुसऱ्या सकाळपासून खुशालराव शेताच्या बांधावर जाऊ लागला. उपडं गाडगं दगडावर ठेवायचं आणि लांब उभं राहायचं. पहिले काही दिवस गाडग्याला काही झालं नाही, खांदा मात्र निळा पडला. शेजारचा भगवंत धुऱ्यावर बसून बघायचा. "खुशालराव, थ्या गाडग्याले सांगा ना जरा मधात याले," तो ओरडायचा. "नाईतर असं करा, चोराले म्हना, तू आपला दगडावर बस, म्या रोज येत जाईन!"

मैनाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. "तुमी बार करताना डोये मिटता," ती म्हणाली.

"आवाज होते ना."

"फोडनी तडतडली तर म्या डोये मिटते का? आवाजाची वाट पायता तुमी. त्याची पाऊ नोका. गाडग्याची पाहा."

त्याने गाडग्याची वाट पाहिली. चाप कधी ओढला गेला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पांढरा धूर समोर दाटला. धुरापलीकडे काय आहे, गाडगं की नुसता दगड, हे बघायला तो मान लांब करून उभा राहिला. धूर सरला. दगडावर काही नव्हतं.

भगवंत उठला आणि बैलांकडे गेला.

मग खुशालरावाला गोडीच लागली. दवात भिजलेली सकाळ, दारूचा उग्र वास, ठासणीचा गज नळीत सरकताना येणारा घासल्यासारखा आवाज. दारू ओतायची, बोळा ठासायचा, गोळी सोडायची, वर पुन्हा बोळा, मग टोपी. हात घाई करत नसत आणि हात घाई करत नाहीत म्हणून मनही करत नसे. देवपूजेतसुद्धा त्याचं मन इतकं जागेवर राहिलं नव्हतं. त्याला वाटे, आपण चोरासाठी बंदूक आणली खरी, पण आता चोर आले नाहीत तरी चालेल. चोराच्या अंगावर बंदूक रोखायची वेळ आली, तर काय करू हे मात्र त्याला अजून ठाऊक नव्हतं. गाडगं काही उलटून बघत नाही.

रोज शेवटी तो बंदूक पुन्हा भरायचा, टोपी न बसवता घरी आणायचा आणि ओसरीतल्या खुंटीला लावायचा. टोप्यांची डबी कमरेला.

पौषात एका सकाळी बार आटोपून, बंदूक भरून तो घरी निघाला, तर बांधावर धूर दिसला. जवळ जाऊन पाहतो तो वाळल्या गवतात कापसाचा बोळा पडलेला, बाहेरून काळा, आत लालभडक. भोवतीचं गवत धुमसू लागलं होतं. त्याने गवत पायाने विझवलं आणि बोळा मातीत चिरडला. इतके दिवस बोळे नांगरलेल्या मातीत पडत होते म्हणून कळलं नाही. हीच बंदूक त्याने चोरांसाठी ओसरीत टांगली होती. ओसरीतून कवाडाकडे बार केला असता, तर चोरांनी काय नेलं असतं कोण जाणे, पण घराची राख झाली असती. तोड्याला हसलो आणि विस्तव स्वतःच्या हाताने नळीत ठासला!

आता आतला बोळा काढायचा तर बार करूनच काढायचा. पण त्या दिवशी डबी घरीच राहिली होती आणि सोबत आणलेल्या चार टोप्या संपल्या होत्या. उद्या बघू, असं म्हणून तो भरली बंदूक घेऊन घरी आला. गाव बाजाराला गेलं होतं. कापसामुळे ही दोघं तेवढी मागे.

ऊन कलायच्या आधी कवाडाशी गाडी थांबली. तीन माणसं उतरली. पुढच्याच्या हातात कुऱ्हाड होती. गाडीत रिकामी पोती. मैनाबाई पडवीत भाकरी थापत होती, खुशालराव ओसरीत.

त्याने बंदूक आणि दारूगोळ्यांची थैली खुंटीवरून काढली, डबीतली टोपी बसवली. डाव्या हाताला कापूस, उजव्या हाताला कापूस. दाराआडून नेम धरून बसायचं, असं त्याने कितीदा मनाशी ठरवलं होतं. घरातून बाहेर पडावं लागू नये म्हणून तर बंदूक आणली. आणि आता नळीतल्या बोळ्यामुळे तीच म्हणत होती, आधी बाहेर हो. तो किसनरावासारखा हात जोडूही शकत होता. पण दोन्ही हातांत बंदूक होती.

तो कापसातल्या वाटेने चालत अंगणात आला आणि सारवलेल्या जमिनीच्या मधोमध, कापसाकडे पाठ करून उभा राहिला.

"आरे, पाटील बंदूक घेऊन राह्यला!" कुऱ्हाडवाला म्हणाला. "ठेव खाली बाप्पा. हात कापून राह्यले तुहे."

कवाडाच्या खांबावर मैनाबाईने वाळायला उपडं घातलेलं गाडगं होतं, त्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. खुशालरावाने डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, डोळे उघडले. माशी समोर आली. तो गाडग्याची वाट पाहू लागला.

बार झाला. खापरं त्या माणसाच्या पागोट्यावर उडाली. मागचे दोघे गाडीआड वाकले. धुमसता बोळा अंगणात पडला आणि शेणाने सारवलेल्या भुईवर एकटाच जळत राहिला.

कुऱ्हाडवाल्याने कान चोळला आणि हळूच हसला. "एकच नळी हाय रे हिले! गेला बार."

खरंच गेला होता. खुशालरावाने बंदूक उभी केली आणि दारू ओतायला घेतली. बांधावर ओतायचा तशीच, तितकीच हळू. हात आता कापत नव्हते. त्यांना काम मिळालं होतं. तो माणूस एक पाऊल पुढे आला.

तेवढ्यात पडवीतून मैनाबाईचा आवाज आला, खणखणीत. "तुमी निवांत भरा. दुसरी म्या धरून हाय."

पडवीच्या झरोक्यातून एक काळी लोखंडी नळी बाहेर आली आणि पुढच्या माणसाच्या छातीवर स्थिर झाली. खुशालरावाने पाहिलं आणि क्षणभर त्यालाही प्रश्न पडला, की ही दुसरी आली कुठून. मग त्याने मान खाली घालून गज नळीत घातला, कारण हसू आलं असतं तर सगळंच फसलं असतं.

कुऱ्हाडवाल्याने एकदा झरोक्याकडे पाहिलं, एकदा गज ठासणाऱ्या माणसाकडे. हा माणूस मान वर करून बघतही नाही, हेच त्याला जास्त लागलं असावं. "चाला रे," तो म्हणाला. बैलांच्या शेपट्या पिरगाळत त्यांनी गाडी वळवली आणि ती दिसेनाशी झाली.

गाडीचा आवाज पार विरला तेव्हा खुशालराव अंगणात खाली बसला. मैनाबाई पडवीतून आली. एका हातात फुंकणी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. तिने धुमसत्या बोळ्यावर पाणी ओतलं, चुर्र झालं, वर तिने पाय दिला.

"माहं गाडगं फोडलं तुमी," ती म्हणाली.

"दुसरं आनतो."

"थ्याच्यात ताक राह्यत होतं." मग तीही त्याच्याजवळ बसली आणि दोघांना हसू आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती फुंकणीवरची काजळी पदराने पुसत बसली.

पुढल्या आठवड्यात खुशालराव अमरावतीला गेला. विस्तव न धरणाऱ्या नमद्याच्या चकत्या घेतल्या आणि मैनाबाईने सांगितलं होतं म्हणून टोप्याही जास्तीच्या घेतल्या. रोज सकाळी बांधावर आता दोन गाडगी ठेवावी लागत, एक त्याचं, एक तिचं. मियाँनी सगळी हकिगत ऐकली, कपाळावर हात मारला आणि भिंतीवरची दुनळी खाली काढली.

"तवाच म्हनलो होतो ना पाटील? आता तरी ऐका. एका नळीनं भागत नाई."

खुशालरावाने चकत्यांची पुडी धोतराच्या सोग्यात बांधली. "दुसरी हाय घरी," तो म्हणाला, आणि त्या दुकानातल्या सगळ्या माणसांना ते पहिल्याच वेळी ऐकू आलं.